साहेबांचे दुपारचे फोन

आत्याला माणसं आवाजावरून कळायची. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. शेजारीण रस्त्यात समोरून आली तरी ही आपली सरळ पुढे, आणि मागून "काय हो, ओळख विसरलात का?" असं ऐकू आलं की मग वळून हसायची. पण फोनवर कुणी नुसतं "हॅलो" म्हटलं, की ते माणूस जेवून उठलंय की उपाशी आहे हेसुद्धा ती सांगायची. आई म्हणायची, "वन्सं, तुमचे डोळे कानातच बसवलेत कुणीतरी."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती लागली तेव्हा जेमतेम कॉलेजच्या वयाची होती. पुढे लग्न झालं, काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. सासरचं आडनाव आणि एक पत्र्याची ट्रंक एवढं घेऊन ती आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाकडे, राहायला आली. तो भाऊ म्हणजे माझे बाबा. बाबा शहरातली बस चालवायचे. दोन खोल्यांत आम्ही चौघं. दूध उतू गेलं की ते कुणामुळे गेलं यावर आई आणि आत्या यांचं रोज वाजायचं आणि दोघी लगेच एका ताटलीत फोडणीचा भात खायच्या.

तिचा आवाज शांत होता. कितीही चिडलेलं माणूस असलं तरी "एक मिनिट हं, जोडते" एवढ्या तिच्या शब्दांवर खाली यायचं. त्या आवाजामुळेच तिची बदली साहेबांच्या निवासस्थानी झाली. साहेब म्हणजे देशाचे प्रमुख. तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नसे. नुसतं साहेब म्हटलं की एकच.

निवासस्थानाच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागे, एक बिनखिडकीची खोली होती. तिथे टेलिफोनचा बोर्ड. भिंतीएवढा उंच, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाच्या डोक्यावर वाटाण्याएवढा दिवा. फोन आला की दिवा लागायचा. आत्या वायर खोचायची, विचारायची, जोडायची. सुरुवातीच्या वर्षांत, ती सांगायची, तिला पाणी प्यायला फुरसत नसे. मंत्री, मंत्र्यांच्या बायका, साहेबांचे शाळासोबती, पूल मागणारे, पूल नको म्हणणारे. एक म्हातारे गृहस्थ दर सोमवारी फोन करून साहेबांना शिव्या द्यायचे. आत्याने पहिल्यांदा तो फोन कापला तेव्हा साहेब म्हणाले, "जोडत जा हो त्यांना. त्याशिवाय माझा सोमवार कसा जाईल." एकदा कुणा बाईंनी पिठाच्या गिरणीला लावलेला फोन चुकून साहेबांच्या टेबलावर वाजला. साहेबांनी "दळण उद्या मिळेल" असं सांगून ठेवून दिला, आणि मग आत्याला विचारलं, "आता गिरणीवाल्याला कळवायचं कसं?"

हे सगळं तिने मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. ती निवृत्त झाल्यावर, कधी मटार सोलताना, कधी दिवे गेल्यावर, तुकड्यातुकड्याने सांगितलं. काही तुकडे तिने पुन्हा पुन्हा सांगितले, आणि दर वेळी ते जसेच्या तसे असायचे.

मग एक सचिव आले. वाईट माणूस नव्हता, ती म्हणायची. मऊ बोलायचा, सणसणीत डोकेदुखी असली तरी हसायचा. त्याने सांगितलं, "साहेबांना त्रास नको. आधी सगळे फोन माझ्याकडे." सोमवारच्या म्हाताऱ्यांचे फोन सगळ्यांत आधी गेले. मग शाळासोबत्यांचे गेले. मग मंत्रीही फोन न करता चिठ्ठ्या पाठवू लागले. बोर्डावरचे दिवे एकेक करून लागायचे थांबले. कुणी फोन तोडले नव्हते. लोकांनीच करायचे सोडले.

घरही तसंच होत गेलं. व्हरांड्यांत जाड गालिचे आले. नोकरांना रबरी तळव्याचे बूट मिळाले. दारांच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल. स्वयंपाकी आणि वाढपी एकमेकांशी खुणांनी बोलायला लागले. तसं कुणी सांगितलं नव्हतं. आत्याला त्या बिनखिडकीच्या खोलीत स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू यायचं. ती घरी आली की नळ मोठा सोडून उगाच भांडी आपटत बसायची.

त्याच सुमारास बाबांना नेलं.

झालं ते एवढंच. साहेबांचा ताफा जायचा होता म्हणून रस्ता अडवला होता. बाबांच्या बसमध्ये एक बाई अडलेली होती, बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या. शिपाई वाट देईना. बाबांनी हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. ताफा निघून जाईपर्यंत हॉर्न वाजत राहिला. ती बाई बसमध्येच मोकळी झाली, मुलगी झाली. संध्याकाळी दोन माणसं आमच्या घरी आली. बाबांना म्हणाली, "थोडं बोलायचंय." बाबा चपला घालून गेले. किती दिवस लागतील हे विचारायला आई दोन-तीन कचेऱ्यांत जाऊन आली. प्रत्येक ठिकाणी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि उत्तर दिलं नाही.

आत्याचं आडनाव वेगळं. त्यामुळे निवासस्थानी कुणाला कळलं नाही की हॉर्नवाला ड्रायव्हर तिचा सख्खा भाऊ आहे. तिने सांगितलं नाही. नोकरी गेली असती तर चूल कशावर पेटली असती? ती रोज सकाळी केस विंचरून, डबा घेऊन, त्या माणसाच्या घरी कामाला जायची ज्याच्या रस्त्यात तिच्या भावाने हॉर्न वाजवला होता.

एका दुपारी, जेवणं झाल्यावर, बोर्डावर एकच दिवा लागला. साहेबांच्या अभ्यासिकेचा. तो दिवा महिनोन्‌महिने लागला नव्हता. तिला आधी वाटलं बोर्ड बिघडला.

"कोण आहे तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"ऑपरेटर, साहेब."

"तुम्ही अजून आहात होय. मला कुणालातरी फोन जोडून द्या."

"कुणाला, साहेब?"

"कुणालाही. डिरेक्टरी उघडा आणि बोट ठेवा."

तिने बोट ठेवलं. एक हार्डवेअरचं दुकान होतं. नियम असा होता की जोडून दिल्यावर तिने कानावरचा हेडफोन काढायचा. त्या दिवशी तिने काढला नाही. का, ते तिला सांगता यायचं नाही.

साहेबांनी स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, "कसं काय चाललंय?"

पलीकडे एक छोटा श्वास आत गेला, पाण्यात डोकं घालण्याआधी घेतात तसा. आणि दुकानदार म्हणाला, "सगळं ठीक आहे, साहेब."

"धंदा?"

"सगळं ठीक आहे, साहेब."

दुसरा फोन एका शाळेच्या बाईंना लागला. तिसरा एका निवृत्त इंजिनिअरला. चौथा एका घरात, जिथे फोन उचलणारी मुलगी वयाने लहान असावी. प्रत्येक ठिकाणी आधी तो श्वास, मग तेच चार शब्द. आत्याचा कान तयार होता. तिला चार माणसांचे चार गळे वेगळे ऐकू येत होते, पण वाक्य म्हणण्याची चाल एकच होती. 'ठीक'वर जोर, 'साहेब'ला उतार. एकाच मास्तरांनी एकाच वर्गात घोकून घेतल्यासारखी.

तिने दुसऱ्या दिवशी सचिवांना विचारलं. धीर करून, आडून विचारलं. "लोकांना काही सूचना गेलीय का, साहेबांचा फोन आला तर काय बोलायचं याची?"

सचिवांनी खरोखरच विचार केला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाही," ते म्हणाले. "तशी सूचना काढायची कधी वेळच आली नाही."

ते खरं बोलत होते. हे तिला आवाजावरून कळलं.

त्यानंतर रोज दुपारी साहेबांचा दिवा लागायचा. लांबची गावं, बंदरं, डोंगरातल्या चौक्या. साहेब निरनिराळे प्रश्न विचारून बघायचे. "आज काय जेवलात?" सगळं ठीक आहे, साहेब. "तुमच्याकडे पाऊस झाला का?" सगळं ठीक आहे, साहेब. एका घरी साहेबांनी आपण कोण ते न सांगता, "मी वीज कंपनीतून बोलतोय," असं म्हटलं. पलीकडच्या माणसाने क्षणभर थांबून श्वास घेतला. आवाज त्याला ओळखू आला होता. रोज रेडिओवर ऐकत होता ना तो. एका नदीकाठच्या गावी फोन लागला तेव्हा मागे पाणी डुचमळल्याचा आवाज येत होता, खोलीच्या आत, अगदी फोनजवळ. बोलणारा पाण्यात उभा होता. त्याचे दात वाजत होते. तरी त्याने ते चार शब्द नीट म्हटले.

मग कुलूपवाल्याचा दिवस आला.

शहरातल्याच एका गल्लीत किल्ल्या बनवणारा माणूस होता. त्याने फोन उचलला तेव्हा मागे बायका रडत होत्या. आत्याने आयुष्यभर आवाज ऐकले होते. ते रडणं कशाचं हे तिला विचारावं लागलं नाही. साहेबांनाही लागलं नसावं.

"घरात काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

श्वास. "सगळं ठीक आहे, साहेब."

"अहो, मला ऐकू येतंय."

"सगळं ठीक आहे, साहेब."

साहेबांनी फोन ठेवला. मग पुन्हा दिवा लागला. "ऑपरेटर, तुम्ही तिथे जाऊन या. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर काय उत्तर आणतील ते मला माहीत आहे. आत्ता जा. बोर्ड राहू दे."

"साहेब, सचिवांना..."

"कुणाला सांगू नका."

ती पर्स घेऊन निघाली. बस बदलून गेली. भर दुपार होती, ऊन पांढरं पडलेलं, दुकानं अर्धी उघडी. कुलूपवाल्याचं दुकान आणि घर एकच होतं. पुढे किल्ल्यांच्या माळा टांगलेल्या, मागे एक खोली. खोलीत चटईवर एक बाई निजवलेली होती, गळ्यापर्यंत चादर. भोवती पाच-सहा बायका बसल्या होत्या. शेजारच्या एका म्हातारीने आत्याला जागा करून दिली आणि आपण होऊन सांगायला लागली, की हिला छातीत कळ आली, नव्या दवाखान्यात नेली, साहेबांनी फीत कापली होती तो, आत बघितलं तर खाटा आहेत, डॉक्टर नाही, औषध नाही, नुसत्या खाटा. म्हातारी बोलत होती आणि बायका रडत होत्या आणि कुलूपवाला भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

"तुम्ही कोण म्हणायच्या?" त्याने मान वर करून विचारलं.

आत्याला खोटं बोलायचं सुचलं नाही. "मी फोनवाली. मघाशी तुम्हाला फोन आला होता ना, तो मी जोडून दिला होता."

रडणं थांबलं. ओसरत ओसरत नाही, नळ बंद करावा तसं. म्हातारीने बोलता बोलता तोंड मिटलं, वाक्य अर्धंच राहिलं. एका बाईने पुढे सरकून चादर त्या निजलेल्या बाईच्या तोंडावर ओढली आणि तिच्यासमोर अशी बसली की आत्याला काही दिसू नये. एक लहान पोर हुंदके देत होतं. त्याच्या आजीने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. कुलूपवाला उभा राहिला. त्याने बाहीने तोंड पुसलं. सगळ्या बायका आत्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता, भीतीही नव्हती. कुणी घरी आलं की चेहरा करतात, तसे ते चेहरे झाले होते.

त्याने श्वास घेतला. आत्या म्हणायची, तिला वाटलं खोलीतल्या सगळ्यांनीच घेतला.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. बायकांनी माना हलवल्या.

ती गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा मागे रडणं पुन्हा सुरू झालेलं तिला ऐकू आलं.

निवासस्थानी परतली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. ती आपल्या खोलीत आली, हेडफोन लावला. साहेबांचा दिवा लागलेलाच होता. ते वाट बघत बसले होते.

"काय बघितलंत?"

बसमध्ये तिने सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. खाटा, चादर, पोराच्या तोंडावरचा हात. तिने तोंड उघडलं.

"सगळं ठीक आहे, साहेब."

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज थोडासा परत येतो. तो तिला ऐकू आला. 'ठीक'वर जोर, 'साहेब'ला उतार.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही श्वास घेतलात. बोलायच्या आधी. ते सगळे घेतात तसा."

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होता तो.

"मी त्या घरी गेले होते," आत्या म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "त्याची बायको वारली आहे. तुम्ही फोन केलात तेव्हा ती त्याच खोलीत होती." मग तिने बाकीचं सांगितलं. सांगताना ती मध्ये कुठेही थांबली नाही. थांबलं की पुन्हा ते चार शब्द तोंडात येतील असं तिला वाटत होतं.

"आणि तुमच्या घरी?" साहेबांनी विचारलं.

"माझा भाऊ तुरुंगात आहे. कुठल्या ते माहीत नाही."

"कशासाठी?"

"तुमच्या ताफ्यासमोर हॉर्न वाजवला म्हणून. त्याच्या बसमध्ये बाई अडलेली होती."

"हॉर्न?" ते म्हणाले. "मला नाही ऐकू आला."

"गाडीच्या काचा जाड असतात, साहेब."

"तुम्ही इतके दिवस इथे बसता. मला सांगितलं का नाही?"

तिला हसू आलं, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, ते आत्ता ऐकलंत ना."

साहेब म्हणाले, "माझ्या मुलीला लावा."

साहेबांची मुलगी लग्न होऊन समुद्राकाठच्या एका गावी राहत होती. साहेबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही एकुलती एक. बापलेकीचं बोलणं वाढदिवसाला व्हायचं, तेही सचिव लावून द्यायचे. आत्याने नंबर फिरवला. मुलीने उचलला.

"बाळ, मी बोलतोय. कशी आहेस?"

आत्या सांगायची, त्या क्षणी तिने मनातल्या मनात हात जोडले होते. पण श्वास आलाच. बारीक, बाईमाणसाचा, आत ओढलेला.

"सगळं ठीक आहे, बाबा."

"आईची आठवण येते का गं तुला?"

"सगळं ठीक आहे, बाबा."

"बरं," साहेब म्हणाले. "ठेव मग."

आत्याचा हात वायरीकडे गेला, पण तिला ती ओढायला उशीर झाला. मुलीने रिसीव्हर नीट ठेवला नव्हता. त्यामुळे पलीकडच्या खोलीतला आवाज तारेवरून येत राहिला. मुलगी कुणाशीतरी, बहुतेक नवऱ्याशी, बोलत होती. "नाही, विशेष काही विचारलं नाही. मी बरोबर बोलले ना?"

साहेबांनीही अजून फोन ठेवला नव्हता.

त्या आठवड्यातच त्यांनी खुर्ची सोडली. रेडिओवर भाषण झालं. लिहून दिलेला कागद बाजूला ठेवून ते एवढंच बोलले, "मला ऐकू येत नाही असं माझ्या लक्षात आलं आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याने या जागेवर बसू नये. मी आज जातो आहे." सचिव बाहेर उभे होते. त्यांनी आत्याच्या खोलीत येऊन विचारलं, "त्यांच्या कानाला काय झालंय? तुमच्याशी फोनवर बोलताना काही जाणवलं का?" त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण ते कशावर तरी टांगून ठेवल्यासारखं दिसत होतं.

वर्तमानपत्रांनी साहेबांना बहिरं करून टाकलं. कानाच्या डॉक्टरांच्या मुलाखती आल्या, कानाच्या आतल्या हाडांची चित्रं आली. आमच्या चाळीतले एक आजोबा म्हणाले, पैसे पोचले असतील कुठूनतरी. दुसरे म्हणाले, लष्कराने पिस्तूल लावलं असणार. स्वतःहून कुणी अशी जागा सोडतं यावर कुणाचाच विश्वास बसत नव्हता. आत्या भाजी चिरत ऐकत बसायची.

पण ही बडबड नंतरची. त्या पहिल्या दिवशी काय झालं ते माझं मला आठवतं, कारण मी खिडकीत होते. भाषण संपलं आणि रस्त्यावर कुणी आलं नाही. आनंद नाही, रडणं नाही. घराघरांतले रेडिओ एकाच वेळी बंद झाले. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांमध्ये माणसं नुसती उभी होती आणि आमच्याकडे बघत होती, आणि आम्ही त्यांच्याकडे. पहिलं कोण हलतंय याची जणू सगळे वाट बघत होते. आईने माझं दप्तर खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अभ्यासाला बस. हीसुद्धा आपली परीक्षाच असेल." ती कुठल्या परीक्षेबद्दल बोलत होती ते मला तेव्हा कळलं नाही. तीन-चार दिवस शहर असंच कान टवकारून बसलं होतं. मग कुठेतरी दोन माणसं पाण्याच्या रांगेवरून मोठ्याने भांडली, त्यांना कुणी नेलं नाही, आणि तिथून सुरुवात झाली.

निवासस्थानाच्या बोर्डावर त्यानंतर दिवेच दिवे लागले. शिव्या, मागण्या, गाऱ्हाणी, चुकीचे नंबर. साहेब तिथे राहिले नव्हते तरी लोक त्यांनाच बोलत होते. आत्या सगळ्यांना म्हणायची, "ते गेले हो," आणि लोक म्हणायचे, "असू दे, तुम्ही ऐका."

बाबा काही आठवड्यांनी आले. जाताना घातलेल्याच चपला पायांत होत्या. आई दारातच बसली. आत्या बाबांशी दिवसभर बोलली नाही, नुसती त्यांच्या आजूबाजूला काम करत राहिली. त्यांचा श्वास कसा चालतोय ते ती ऐकत होती, असं तिने मला पुढे सांगितलं. बाबांना नोकरी परत मिळाली. ते पुन्हा बस चालवू लागले, पण त्यांनी परत कधी हॉर्न वाजवला नाही. समोर म्हैस आली तरी गाडी थांबवून, डोकं बाहेर काढून, "बाजूला व्हा" म्हणायचे. प्रवासी हसायचे. आम्ही घरचे हसत नसू.

जे नवे साहेब आले ते मोकळे वाटले. पहिल्या दिवशी ते स्वतः बोर्डाच्या खोलीत आले, आत्याशी हस्तांदोलन केलं. काही महिन्यांनी त्यांचा सचिव आला. तरुण, हुशार. म्हणाला, "ताई, त्यांना त्रास होतो हो. फोन आधी माझ्याकडे देत चला." आत्याने त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. आईने डोक्याला हात लावला. सरकारी नोकरी, आणि तीही तिथली, कुणी सोडतं का? "तुम्हीही त्या साहेबांच्या वळणावर गेलात म्हणायचं," आई म्हणाली. आत्या म्हणाली, "वहिनी, मला तिथे बसून काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे."

जुन्या साहेबांचा तिला घरी फोन आला, तो त्यानंतर वर्षभराने असेल. ते मुलीच्याच गावी भाड्याचं घर घेऊन राहत होते. "मला वाटलं होतं खुर्चीचं आहे ते," ते म्हणाले. "खुर्ची सोडली की जाईल." पण ते दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहिले की रांग बाजूला होऊन गप्प व्हायची. बाकावर बसले की बाक रिकामा व्हायचा. न्हाव्याने दाढी करताना विचारलं नाही की कल्ले ठेवायचे का. समुद्रावर फिरायला गेले तर मासेवाल्यांची बोलणी ते येतील तशी थांबायची आणि ते गेले की मागे पुन्हा सुरू व्हायची, गवतातून वारा जावा तशी. "मी जिथे असतो तेवढीच जागा मुकी असते," ते म्हणाले. आत्याने विचारलं, "मुलगी येते का?"

"येते. डबा आणते. सगळं ठीक आहे म्हणते."

त्यानंतर आणखी एकदाच फोन आला, पुष्कळ उशिराने. मी तेव्हा कॉलेजला जात होते, आणि आत्याच्या शेजारी बसून तिचं बोलणं ऐकत होते. ती नुसती "हो", "मग?", "अगं बाई" एवढंच म्हणत होती. रिसीव्हर ठेवल्यावर तिने पदराने डोळे टिपले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काल मुलीने आरडाओरडा केला म्हणे त्यांच्यावर. आई आजारी होती तेव्हा तुम्ही कुठे होतात, म्हणून. डब्याचं झाकण फेकून मारलं. कपाळाला लागलंय." तिने रिसीव्हर नीट बसलाय ना ते पाहिलं. "इतके खूश होते गं."

ते वारले तेव्हा वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली. त्यात त्यांना कानाचा विकार होता, असं लिहिलं होतं.

आत्याला पुढे बाबांच्या ओळखीने बस आगारात चौकशीच्या खिडकीवर काम मिळालं. तिथे ती निवृत्त होईपर्यंत होती. पगार निम्मा, पंखा बिघडलेला, आणि दिवसभर लोकांची बोलणी. गाडी उशिरा का, गाडी आलीच नाही, तुम्ही झोपा काढता काय, तुमच्या घरी आईबाप नाहीत काय. मी कॉलेजातून येताना कधीकधी तिथे जायची. एकदा एक जाडजूड गृहस्थ खिडकीच्या जाळीवर छत्री आपटत तिला ताडताड बोलत होते, तोंडाला फेस यायचा बाकी होता. ती पुढे वाकून, कान त्यांच्याकडे करून, अगदी मन लावून ऐकत होती. ते दमून थांबले.

"झालं?" ती म्हणाली. "अजून असेल तर बोला. गाडीला वेळ आहे."